इंदूचं भांडं रिकामं कसं देऊ?

मला एका जागी बसता येत नाही. आजची गोष्ट नाही, पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या माहेरच्यांनी पायाला भिंगरी बांधून पाठवलीय." अशा बाईला आजारपण आलं आणि तेही असं, की पडून राहा, तोंड झाका, पोरीजवळ जाऊ नका. मग काय व्हायचं ते झालं. अंग खाटेवर आणि जीव घरभर.

आमच्या वस्तीत येणारी आशाताई म्हणाली, "काकू, तुम्ही एवढं बोलता, तर लिहून काढा की. कुणाला तरी धीर येईल." मी सातवीपर्यंत शिकलेली. वाणसामान बांधून येणारे कागद वाचून वाचनाची गोडी लागली, तेवढीच माझी विद्या. तेव्हा शुद्धलेखन बघू नका. मी बोलते तसंच लिहिणार.

मला टीबी झाला होता. अजून गोळ्या चालू आहेत. हे वाक्य लिहायला मला केवढा वेळ लागला ते पुढे कळेलच तुम्हाला.

खोकला

आम्ही मांडवीला राहतो. घरात मी, मुलगा प्रशांत, सून स्नेहल आणि नात चिमी. प्रशांत जयगडला बंदरावर कामाला आहे, त्याच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. स्नेहल मिरजोळ्याला एका कंपनीच्या हापिसात. चिमी अजून बालवाडीत. हे जाऊन बरीच वर्षं झाली.

आणि गडग्यापलीकडे इंदू. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचून केलेली भिंत, कमरेएवढी. आमच्या सासवांच्या आधीपासूनचा तो. त्यावर मधोमध एक दगड आहे, सपाट, झिजून गुळगुळीत झालेला. त्यावरून दोन्ही घरांची भांडी इकडून तिकडे जातात. आमच्याकडे वडे झाले की तिकडे, तिच्याकडे तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आल्या की कालवण इकडे. आणि भांडं परत जाताना रिकामं जायचं नाही. आमच्याकडे सगळीकडेच हा रिवाज आहे म्हणा, पण सासूबाईंनी तो माझ्या हाडात घातला. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी इंदूच्या सासूचा टोप चांगला राखेने घासून, लखलखीत करून परत द्यायला निघाले, तर त्यांनी दारातच अडवलं. "रिकामं भांडं घेऊन कुठं निघालीस? आपल्याकडचं सगळं संपलं असं सांगायला?" साखर घाल, नारळ ठेव, काही नसलं तर कढीलिंबाची डहाळी ठेव. पण रिकामं नाही.

तर खोकला. गणपतीत सुरू झाला. मोदक वळताना पदर तोंडाला लावून खोकत होते. इंदू शेजारी मांडीला मांडी लावून बसलेली. म्हणाली, "काय गो कुंदे, गणपतीला आरती म्हणतेस की त्याला घाबरवतेस?" हसलो. दसरा झाला तरी खोकला तिथंच. संध्याकाळचा कणकण ताप. चोळी सैल व्हायला लागली, मला वाटलं बरं झालं, वाढलं होतंच अंग. काढा घेतला, ज्येष्ठमध चघळलं, आडुळशाचा रस प्यायले. दिवाळीच्या आधी एका सकाळी खोकल्याबरोबर रुमालावर लाल आलं. मी रुमाल धुऊन टाकला. धुताना स्नेहल मागे उभी होती, ते मला दिसलं नव्हतं.

निदानाचा दिवस

सरकारी रुग्णालयात नेलं. एक डबी हातात दिली, म्हणाले बेडका द्या. मी बापडीने थुंकून दिलं. तिथली बाई डबीत डोकावून म्हणाली, "मावशी, ही थुंकी झाली. आतून खाकरून काढा." चार माणसं बाकावर बसलेली, त्यांच्यासमोर मी खाकरतेय आणि येत काही नाही. इतके दिवस खोकला दाबायचा प्रयत्न केला, आता हवा तेव्हा येत नाही! शेवटी बाहेर जाऊन आंब्याच्या झाडाखाली उभी राहिले, तिथं जमलं.

छातीचा फोटो काढला. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, आमच्या स्नेहलएवढ्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि सरळ सांगितलं, "काकू, टीबी आहे. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. पूर्ण बरा होतो."

"पूर्ण बरा होतो" हे मला ऐकू आलंच नाही बघा. मला ऐकू आलं ते फक्त पहिलं. आणि डोळ्यांसमोर आली ती आमच्या माहेरच्या वाडीतली एक मामी. तिला क्षय झाला होता. मागच्या पडवीत एकटी असायची. ताट वेगळं, तांब्या वेगळा, पाणी वरून ओतायचे. आम्ही पोरं तिच्या पडवीवरून श्वास रोखून पळायचो. ती आम्हाला हाका मारायची. ती कधी गेली ते मला आठवत नाही, तिच्या हाका आठवतात.

डॉक्टरीण बाई पुढे बरंच सांगत होत्या. स्नेहलने ऐकलं सगळं. हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटवाटीतून नाही. भांडी वेगळी करायची गरज नाही. सुरुवातीचे दिवस तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, लहान मुलीपासून लांब. घरातल्या सगळ्यांची तपासणी.

घरी आले आणि आधी काय केलं असेल? माझं ताट, वाटी, भांडं, तांब्या उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. स्नेहल ओरडली, "आई, बाईंनी काय सांगितलं? भांड्यांनी होत नाही म्हणून!"

"त्यांना काय कळतं, कालची पोर," मी म्हटलं.

आता बघा, खोकल्याची नळी कुठे आणि ताटली कुठे. पण माझ्या डोक्यात ती मामी होती, डॉक्टरीण नव्हती.

वॉर्डात

दोन दिवसांनी परत गेले तेव्हा छातीत पाणी होतं, म्हणून ते काढेपर्यंत दाखल करून घेतलं. पहाटे फरशी पुसणारी बाई बादली आपटत यायची, तिचाच गजर. मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा फेरा. फेरा येईपर्यंत सगळ्या कशा शिस्तीत झोपून, फेरा गेला की सगळ्या उठून एकमेकींच्या खाटांवर. मला मात्र वेगळ्या खोलीत ठेवलेलं. दारातून दिसायच्या त्या. मी आपली येरझाऱ्या घालायची. खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. नर्स म्हणायची, "मावशी, तुम्ही पाणी काढून घ्यायला आलात की गस्त घालायला?"

गोळ्यांनी पोटात ढवळायचं. लघवी केशरी होते, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथंच हाय खाल्ली असती. ज्यांना नवीन सुरू होतील त्यांनी घाबरू नका, गोळ्यांचाच रंग तो.

इंदू भेटायला आली होती. तिला खालीच थांबवून स्नेहलने सांगितलं, "न्यूमोनिया आहे. जंतुसंसर्ग होईल म्हणून आत सोडत नाहीत." वर येऊन मला म्हणाली, "मी असं सांगितलंय. तुम्ही पण तेच सांगा. चिमीच्या बालवाडीत कळलं तर दुसऱ्या दिवशी तिला घरी पाठवतील. आणि माझ्या हापिसात तर विचारूच नका."

मी मान डोलावली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. न्यूमोनिया कसा प्रतिष्ठित आजार. टीबी म्हटलं की मागची पडवी.

चिमीला तपासलं. ती ठीक होती, तरी तिला खबरदारीचं औषध सुरू केलं आणि लांज्याला आजोळी पाठवलं. ती जाताना मी खिडकीत उभी होते, तोंड झाकलेलं. ती म्हणाली, "आज्जी, तू चोर झालीस?" तिच्या आईने तिला पटकन गाडीत बसवलं.

मांडणी

घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून गडग्यावरून इंदूची भांडी यायला लागली. कुळथाची पिठी. मऊ भात. सोलकढी. एकदा तिसऱ्यांचं पातळ कालवण, वर कोथिंबीर घातलेली, आजारी माणसाला म्हणून तिखट कमी. गडग्यापाशी येऊन हाक मारायची, "कुंदे, मेली की जिती? मेली असलीस तर भांडं उचलू नको, मी परत नेते!"

मी खिडकीतून म्हणायची, "जिती आहे, ठेव."

खायची मी. चवीने खायची. गोळ्यांनी तोंड कडू असायचं, पण तिची पिठी जायची. प्रश्न त्याच्यानंतरचा. भांडं घासून पुसून झालं की ते हातात घेऊन मी उभी राहायची. यात काय घालू?

घरात काही नव्हतं असं नाही. पण माझ्या हातचं घालायचं तर इंदूला माहीत नको का, हात कुणाचा आहे तो? ती न्यूमोनियावालीच्या हातचं समजून खाणार. हे वाढणं नव्हे, ही फसवणूक. आणि स्नेहलला म्हणावं तू भर, तर ती सकाळी घर सोडणार, संध्याकाळी येणार, आल्यावर तिला पाणी प्यायला फुरसत नाही. ती एकदा म्हणाली, "आई, धुऊन तशीच देते ना मी. काय होतंय?"

"तशीच?" माझा आवाज चढला. मग खोकला आला. तिने पाणी आणून दिलं.

दुकानातून बिस्किटांचा पुडा आणून घालू म्हटलं, तेही मनाला येईना. आम्ही दोघींनी जन्मात एकमेकींना बिस्किटं दिलेली नाहीत. ती पाहुण्यांना देतात.

मग रिकामं द्यायचं नाही आणि भरता येत नाही, असं करता करता इंदूची भांडी आमच्या मांडणीच्या खालच्या फळीवर साचत गेली. टोप, वाडगे, कडीचा डबा, झाकण्या. तिच्या लग्नातली काही, तिचं नाव कोरलेली. मला चैन पडायचं नाही. दुपारी सगळे बाहेर गेले की मी उठून ती भांडी काढायची, पुन्हा पुसायची, पुन्हा लावायची. मोठी मागे, लहान पुढे. मग लहान मोठ्यात. मग परत बाहेर. आशाताई आली की विचारायची, "काकू, विश्रांती घेताय ना?" मी हो म्हणायची. हातात फडकं.

तुम्ही म्हणाल, माणसाला एवढा मोठा आजार आणि ही बाई टोपांची काळजी करत बसलीय. मीही स्वतःला हेच म्हणायची. पण मरण वगैरे विचार मला फार झेपत नाही. मला एवढंच दिसायचं, की जन्मभर मी ज्या एका गोष्टीने 'मी' होते, ती माझ्याकडून होत नाहीय. उद्या बरी झाले तरी कोण म्हणून बरी होणार?

पलीकडचा खोकला

जानेवारी सरत आला होता. एका दुपारी मी फळीपाशी बसलेली आणि गडग्याच्या पलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, लागोपाठ. मला आधी वाटलं माझाच. इतकी सवय झाली होती. पण माझा तोवर बराच बसला होता.

तो इंदूचा होता.

मी फडकं टाकलं. पुन्हा ऐकलं. थांबला. परत आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मी खिडकीतून विचारलं, "खोकतेस काय गो?" ती म्हणाली, "कुळीथ झोडलेत, धूळ गेली घशात. तू तुझं बघ."

 गणपतीत ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. मी तिच्या अंगावर खोकत होते. आमच्या घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. तिची कुणी केली? कुणाला माहीत होतं की करायला हवी? न्यूमोनियाच्या शेजारणीची कोण करतं?

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "मी इंदूला सांगणार."

प्रशांत पाळीवर जायला निघाला होता. चप्पल घालता घालता थांबला. "आई, इंदूकाकीला सांगणं म्हणजे मांडवीभर सांगणं. तिच्या पोटात काही राहत नाही."

"तिला खोकला आहे."

"मग आशाताईला सांग गुपचूप. ती बघेल. तुझं नाव कशाला यायला हवं?"

स्नेहल म्हणाली, "आई, अजून थोडेच महिने. तुमचा कोर्स संपेल, चिमी परत येईल, मग काय सांगायचं ते सांगा. माझं एवढं ऐका." तिचा आवाज रडवेला झाला होता. ती खोटी नव्हती हो. पोर लांज्याला, नवरा पाळ्यांवर, नोकरी, सासूच्या गोळ्या. सगळं एकटीने ओढत होती. माझ्या बाबतीत तिने कधी हात आखडला नाही. पण मी तिला शब्द दिला नाही. 

मी मागच्या पडवीत जाऊन बसले, माझ्या वेगळ्या ताटापाशी. तिथं मला सासूबाईंची एक गोष्ट आठवली. एका वर्षी घरात खरंच काही नव्हतं. इंदूच्या सासूचं भांडं परत करायचं होतं. सासूबाईंनी त्यात कढीलिंबाची डहाळी ठेवली. मी लहान होते, लाजले. म्हटलं, वर झाकण ठेवू का? त्यांनी झाकण काढून बाजूला ठेवलं आणि गडग्यापाशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज घरात काय नाय गो. एवढंच हाय." पलीकडून हसणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तिकडून तांदूळ आले.

मी इतकी वर्षं डहाळी लक्षात ठेवली होती. झाकण काढल्याचं विसरले होते.

गडग्याला वळसा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्या घेतल्या. पोटातलं ढवळणं बसेपर्यंत येरझाऱ्या घातल्या. मग मांडणीवरून इंदूचा टोप घेतला. जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा, बुडाला पोचा आलेला, ती पिठी पाठवते तो. काही घातलं नाही त्यात. मास्क लावला आणि गडग्यावरून हाक न मारता रस्त्याने वळसा घालून तिच्या अंगणात गेले. एवढं चालायला मध्ये एकदा थांबावं लागलं.

ती अंगणात कुळीथ पाखडत बसली होती. धूळ उडत होती. मला बघून सूप थांबवलं. "अगो बाय! राणीसाहेब आल्या. बस. तोंडाला काय लावलंस अजून?"

"बसत नाही. लांबूनच सांगते."

"काय झाला?"

"इंदू, मला न्यूमोनिया नव्हता. टीबी आहे. गणपतीत खोकत होते तेव्हापासूनच असणार. तू माझ्या शेजारी बसली होतीस. तुला खोकला येतोय. तू तपासून घे."

सूप तिच्या मांडीवर तसंच. एक कोंबडी सरळ येऊन त्यातले कुळीथ टिपायला लागली, तरी तिने हुसकलं नाही. इंदूने कोंबडीला हुसकलं नाही म्हणजे काय ते मला विचारा.

"आणि मी रोज विचारत होते तेव्हा?" ती म्हणाली.

"तेव्हा सांगितलं नाही."

"माझी पिठी खाऊन."

"हो."

तिची नजर माझ्या हातातल्या टोपाकडे गेली. "ह्ये काय? रिकामं?"

"भरून आणायचं तर कुणाच्या हातचं ते तुला आधी कळायला हवं. म्हणून रिकामं आणलं."

ती उठली. टोप माझ्या हातातून घेतला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. लोटलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वाट

घरी मी सांगितलं. प्रशांत म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं?" आणि पाळीवर गेला.  स्नेहलने माझ्या गोळ्या आणि पाणी काढून ठेवलं आणि ती आत गेली.

दोन रात्री मला झोप नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी. गडग्यावर भांडं नाही. "मेली की जिती" नाही. एवढं शांत कधी नव्हतं आमच्याकडे.

त्यानंतरच्या सकाळी स्नेहल स्कूटर काढत होती, तर फाटकात इंदू उभी. नेसायला बाहेर जायचं लुगडं, हातात पिशवी. मी खिडकीत होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्नेहलला म्हणाली, "बस माझे मागे... नाय, मीच बसते तुझ्यामागे. कुठं थुंकायचं असतं तिथं ने मला."

स्नेहलने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फोन काढला, हापिसात कळवलं, "आज उशीर होईल. शेजारच्या काकींना टीबीच्या तपासणीला नेतेय. आमच्या आईंना झालाय, म्हणून." फाटकात उभी राहून, मोठ्याने. मी खिडकीचा गज धरून उभी. त्या पोरीने ते शब्द कुठून काढले मला माहीत नाही. मी नाही विचारलं.

संध्याकाळी स्नेहल आली ती हसत. "बेडका बाहेर आंब्याखाली जाऊन काढला त्यांनीही. सगळ्या बाकाला शिव्या घालत." अहवाल यायला वेळ लागला. आला तेव्हा स्नेहलच सांगत आली, "काकींचं सगळं स्वच्छ आहे. फोटोसुद्धा. कुळथाची धूळच ती."

मी देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच आठवड्यात माझीही पुन्हा तपासणी झाली. त्यातही जंतू दिसले नाहीत. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. पण गोळ्या सोडायच्या नाहीत हं." मी विचारलं, "रांधू का?" त्या म्हणाल्या, "काकू, रांधायला मी कधी नको म्हटलं?"

नव्हतंच म्हटलं. माझं ताट पडवीतून आत आणलं ते मी त्या दिवशी. आपल्या हातांनी नेलं होतं, आपल्याच हातांनी आणलं.

पण गडगा गप्पच होता. इंदू अंगणात दिसायची, झाडायची, कोंबड्यांवर ओरडायची, इकडे मान वळवायची नाही. मी म्हटलं, ठीक आहे. हे आपल्याला माहीत होतं. सांगताना काही कबूल करून घेतलं नव्हतं तिच्याकडून. तिने यायचं की नाही तो तिचा प्रश्न. असं म्हणायची आणि पुन्हा खिडकीशी जायची. खाट ते खिडकी, खिडकी ते खाट.

टोप

एका सकाळी स्नेहल वाळत घालायला गेली ती तशीच परत आली. "आई, बाहेर या."

गडग्यावर, त्या गुळगुळीत दगडावर, जर्मनचा टोप होता. बुडाला पोचा आलेला. मी धावले, म्हणजे मला धावता येईल तेवढी. आत बघितलं. काही नाही. झाकण नाही. घासून पुसून कोरडा ठणठणीत.

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "बघ, रिकामं परत केलं तिने. मी केलं तसंच. फिटलं म्हणते."

स्नेहल म्हणाली, "आई, तिचाच टोप आहे तो. आपला नाही. स्वतःचं भांडं कुणी परत करतं का?"

मला समजेना. मी टोप हातात घेऊन उभी. तेवढ्यात पलीकडून, घराच्या आतूनच आवाज आला, "बघत काय राह्यलीस मेली? भर!"

त्या दिवशी मी खापरोळ्या केल्या. तांदूळ, उडीद, मेथी भिजत घालण्यापासून सगळं आलं, तेव्हा 'त्या दिवशी' म्हणजे दुसऱ्या दिवशी म्हणा. स्नेहल म्हणाली मी वाटते, मी म्हटलं मीच. मध्ये दोनदा बसले, दम लागला. नारळाचा रस काढला, गूळ घातला, वेलची कुटली. खापरोळ्या रसात बुडवल्या आणि टोप काठोकाठ भरून दोन्ही हातांनी धरून गडग्यापाशी नेला. झाकण घातलं नाही.

इंदू आली. टोप घरात नेला नाही. तिथंच, उभ्या उभ्या, दोन बोटांनी एक तुकडा तोडला आणि रसात बुडवून तोंडात टाकला. माझ्याकडे बघत चावत राहिली. माझा जीव तिच्या दातांखाली.

"गूळ कमी हाय," ती म्हणाली. "आजारपणात तुझा हात आखडला."

"बरं."

"आणि खोटं बोलायचं असलं ना, तर पुढच्या खेपेला नीट बोल. न्यूमोनिया! न्यूमोनियाला काय एवढे महिने मास्क लावतात? आमचा माहेरचा दादा येऊन गेला, तो तेव्हाच म्हणत होता, ह्या कुंदावहिनीचं काहीतरी मोठं हाय. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल." तिने दुसरा तुकडा तोडला. "नाय सांगितलंस ह्याचाच राग आला. दुसरा कसलाच नाय."

 मी गडग्यावरचा पालापाचोळा झाडत राहिले.

"आणि माझी बाकीची भांडी कुठं हायत?" ती म्हणाली. "की तुझ्या सुनेला आंदण दिलीस? मी गेले दोन महिने कालवण तव्यात करतेय!"

मी हसले. हसता हसता खोकला आला आणि मी सवयीने तोंड फिरवून पदर लावला. वळले तर ती तिथंच उभी, तिसरा तुकडा हातात.

चिमी आली आहे लांज्याहून. गोळ्या अजून संपायच्या आहेत, पोटात अजून ढवळतं, आणि एका जागी बसवत नाही ते नाहीच. ज्यांना हा आजार झालाय त्यांना मी एवढंच सांगेन, गोळी चुकवू नका आणि ज्यांच्याबरोबर बसला होतात त्यांना सांगा. दार लोटलं जाईल कदाचित. तरी सांगा.

इंदूची भांडी मी एकेक करून परत करतेय. रोज एक काही होत नाही माझ्याच्याने. पण मांडणीची खालची फळी अजून मोकळी झालेली नाही, कारण मी एक भरून पाठवते तोवर तिचं दुसरं भरून आलेलं असतं.